शेडमधले हिवाळे

लग्न होऊन मी भिवंडीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओठावर वरून काहीतरी पडलं. थेंब होता. गार, बुळबुळीत, आणि चव घासलेटात भिजवलेल्या चिंधीसारखी. मी दचकून उठले, तोंड पुसलं, तर नव्या साडीच्या पदरावर तपकिरी डाग.

"पत्र्याचं दव आहे," नवरा पांघरुणातूनच म्हणाला. "थंडीत पडतं. कुशीवर झोपायचं, म्हणजे तोंडात जात नाही."

एवढं सांगून तो कुशीवर वळला आणि परत झोपला. मी बराच वेळ वर बघत बसले. पत्र्याच्या खालच्या अंगाला असे कितीतरी थेंब लोंबत होते, आणि त्यातला कुठला कधी सुटेल ते सांगता येत नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मला नुकतीच प्राथमिक शाळेत नोकरी लागली होती आणि स्थळ भिवंडीचं आहे म्हटल्यावर घरच्यांना बरं वाटलं होतं, शाळा जवळ पडेल म्हणून. मुलाचं घर कसं आहे, असं माझ्या वडिलांनी मध्यस्थाला विचारलं होतं. "मोठं आहे," तो म्हणाला. खोटं बोलला नाही.

ते मुळात घर नव्हतं, यंत्रमागाची शेड होती. गावाच्या टोकाला, जिथे कारखाने संपून भातशेती आणि वीटभट्ट्या सुरू होत, तिथे. सासरे एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, मी आले तोवर निवृत्त झालेले. कुणा मागवाल्याने धंदा आवरला तेव्हा त्यांनी ती शेड घेतली. माग गेले, मोटरी गेल्या, आणि राहिलेल्या पोकळीत सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने आखलेलं घर बसवलं. त्यांचं तत्त्व एकच, जे आयतं आहे ते मोडायचं नाही.

"लोक आधी पाडतात आणि मग बांधतात," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावून सांगितलं. "मूर्खपणा! मी एक वीट पाडली नाही. जे होतं ते सगळं वापरात आणलं."

सगळं म्हणजे खरोखरच सगळं. जमिनीतून मागांचे बोल्ट वर आले होते, ते तसेच ठेवलेले. दिवसातून एकदा तरी कुणाचं तरी बोट ठेचकाळायचं. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी पडलेली कोब्याची जमीन, तीही तशीच. थंडीत सकाळी तिला घाम फुटल्यासारखी ओल यायची आणि अनवाणी चाललं की तळव्यांना चिकट काळा थर बसायचा. तो साबणाने जात नसे, राखेने घासावा लागे. पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवरून कापसाच्या रुईच्या जुन्या दाढ्या लोंबत. वारा सुटला की त्यांचे पुंजके आमटीत पडायचे आणि सासरे ते चमच्याने बाजूला करून जेवायचे. खोल्यांच्या भिंती पुरुषभर उंचीच्या, त्यावर थेट पत्र्यापर्यंत मोकळं. वरच्या विटा कशाला वाया घालवायच्या, असा हिशेब. त्यामुळे या टोकाला कुणी ढेकर दिली की त्या टोकाला ऐकू येई. खिडक्या पार वर, पत्र्याला लागून, बांबूने ढकलायच्या. त्या केव्हातरी उघड्या असतानाच गंजून बसल्या होत्या. त्यांतून आत ऊन कधी आलं नाही. वारा रोज यायचा, आणि येताना वीटभट्टीचा धूर आणायचा. भिवंडीत कसली थंडी, असं म्हणून हसणाऱ्यांना मी नेहमी सांगते, त्या शेडमध्ये जानेवारीतली एक सकाळ काढून दाखवा.

आणि आमची, म्हणजे नव्या जोडप्याची खोली कुठली, तर शेठची केबिन. कामगारांवर नजर ठेवायला उंच ओट्यावर बांधलेली, तीन बाजूंनी काचेची. पायऱ्या चढून आत जायचं. खाली सासू, सासरे, नणंद झोपायचे, आणि वर आम्ही, दुकानातल्या बरण्यांसारखे मांडलेले. काचांना वर्तमानपत्रं चिकटवूया, असं मी म्हटलं, तर सासरे म्हणाले की खळीने काच खराब होते. मग मी आतून जुन्या साड्या बांधल्या. त्यानंतर कळलं, दिवा लावला की साडीवर आमच्या सावल्या पडतात आणि खालून सगळं दिसतं. तेव्हापासून आम्ही केबिनमध्ये अंधारातच वावरायचो. काच इतकी गार पडायची की झोपेत हात लागला तरी जाग यायची. सकाळी आमच्याच श्वासाचं पाणी काचेवरून ओघळून गादीच्या कडेला मुरलेलं असायचं. त्या गादीला जो कुबट वास धरला तो उन्हाळाभर उन्हात टाकूनही गेला नाही.

मी अकलोलीची. आमच्याकडे कढत पाणी जमिनीतूनच येतं. थंडीच्या दिवसांत धुकं असताना बायका कुंडावर जातात आणि अंग लाल होईपर्यंत पाण्यात बसतात. गंधकाचा वास येतो, पण तो स्वच्छ वास आहे. थंडी म्हणजे सुखाची गोष्ट, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. भिवंडीत आल्यावर कळलं की थंडी घाणही असू शकते.

पाणी तापवायचा बंब पुढच्या दाराशी होता. तिथे भिंतीत पूर्वीचं एक गोल भोक आयतं होतं, त्यातून धूर बाहेर जाई. मोरी होती शेडच्या पार मागच्या टोकाला, कारण तिथे पाण्याची टाकी आयती होती. म्हणजे आंघोळीची बादली पुढच्या दारापासून बैठकीतून, स्वयंपाकघरातून, बोल्ट चुकवत मागे न्यायची. पोचेपर्यंत पाणी कोमट व्हायचं. सकाळची शाळा असल्यामुळे मला सगळ्यांच्या आधी आंघोळ करावी लागे. मोरीला वर छप्पर नव्हतं, म्हणजे पत्रा होता, पण तो इतका वर की वारा सरळ अंगावर. आणि तो थेंब! डोक्यावरून स्वच्छ पाणी घ्यावं, केस पिळावेत, आणि तेवढ्यात मानेवर तेलकट थेंब पडावा. मला रडू यायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. मला जे सोसवलं नाही, ते म्हणजे चर.

माग चालू होते तेव्हा मोटरींच्या तारा नेण्यासाठी जमिनीत एक लांब चर खणलेला होता, मागच्या भिंतीपासून पुढच्या दारापर्यंत, शेडच्या बरोबर मधून. सासऱ्यांनी तो मोरीच्या पाण्यासाठी वापरला. आयता होता, उतारही आयता होता. त्यावर शहाबादी फरशा टाकल्या होत्या, पण नुसत्याच टाकलेल्या, मध्ये मध्ये बोटभर फट. म्हणजे मागे मोरीत कुणी आंघोळ केली की ते पाणी आमच्या स्वयंपाकघरातून, मग बैठकीतून, सगळ्या घराला भेट देत बाहेरच्या गटाराला जायचं.

पहिल्या आठवड्यात मला हे कुणी सांगितलं नाही. शाळेतून आल्यावर मी पाट मांडून जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात घातला आणि खालून खळखळ ऐकू आली. वाकून पाहिलं तर फरशीच्या फटीतून साबणाचा करडा फेस चालला होता. त्या फेसावर एक केसांचं गुंतवळ होतं, आणि पाठोपाठ काहीतरी हिरवट तरंगत गेलं. सासरे दात घासताना जीभ खरवडायचे आणि खाकरून खाकरून घसा साफ करायचे. त्यांना दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करायची सवय होती. ते सगळं माझ्या ताटापासून वीतभर खालून वाहत होतं, आणि थंडी असल्यामुळे फटीतून त्याची वाफ वर येत होती. मला ती वाफ नाकाला लागली.

मी घास ताटाबाहेर थुंकला आणि दाराकडे पळाले.

सासूबाई माझ्यामागून आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तांब्या दिला आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांची आंघोळ झाली की तासभर थांबायचं. मग बसायचं. मी तशीच जेवते."

मला वाटलं होतं त्या उशिरा जेवतात ते उपासतापास असतील म्हणून. ते सोवळं नव्हतं, ती किळस होती. इतकी वर्षं ती बाई चर कोरडा व्हायची वाट बघून जेवत होती आणि तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

थंडीत तर चराला जास्तच जीव यायचा. गरम पाण्याच्या उबेला घुशी आणि झुरळं आत शिरायची. फरशीवर पाट ठेवून बसलं की खालून घूस धावताना पाटाला धक्का जाणवायचा. शाळेतल्या बाई एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या डब्याला साबणाचा वास येतो का हो?" मी डबा लपवला. खरं तर डब्याला येत नव्हता, माझ्या साडीला येत होता, आणि तो साबणाचा वास नव्हता.

मी नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सवय होईल." त्याच्यासारख्या शांत माणसाचा मला त्या काळात जेवढा राग आला तेवढा पुढे कशाचाच आला नाही. आणि सवय झाली, हेच वाईट. दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी घाईघाईने भाकरी खात होते, खालून पाणी चाललं होतं, आणि माझी भाकरी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी थांबले नव्हते. मला स्वतःचीच शिसारी आली. त्या दिवशी मी ठरवलं की सासऱ्यांशी बोलायचं.

ते आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते, मफलर गुंडाळून.

"बाबा," मी म्हटलं, "मोरी मागच्या भिंतीला लागूनच आहे. भिंतीला एक भोक पाडलं तर पाणी तिथल्या तिथे बाहेर जाईल. घरातून आणायला नको."

"मागे कुणाची जागा आहे, माहीत आहे?"

माहीत होतं. मागे एका कोकणी मुसलमान कुटुंबाचा कारखाना होता आणि त्याला लागून त्यांचं घर; आमच्या भिंतीलगत त्यांचंच गटार होतं. शेड घेतली तेव्हा दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं. ईदेला शिरखुर्मा यायचा, दिवाळीला करंज्या जायच्या. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर ते थांबलं. भांडण कुणाचंच नव्हतं. आधी कुणी जायचं, एवढंच ठरत नव्हतं.

"त्यांच्या हद्दीत पाणी सोडायचं म्हणजे त्यांना विचारायला जायला हवं," सासरे म्हणाले. "मी कुणाच्या दारात विचारायला जात नाही."

"मी जाते."

"सुनेनं जायचं? आणि का? चर आयता आहे. तुला त्याचा त्रास काय आहे?"

"बाबा, त्याच्यावर बसून आपण जेवतो."

"मध्ये फरशी आहे ना?" असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

मध्ये फरशी आहे! मी केबिनमध्ये गेले आणि साडीच्या पडद्याआड बसून दात आवळले. त्यानंतर त्यांच्या वापरलेल्या पेल्यालाही माझा हात लागेना. मी तो पदराने धरून उचलायची. ते एरवी वाईट नव्हते. माझ्या पगाराकडे त्यांनी कधी पाहिलं नाही, मला कधी टाकून बोलले नाहीत. पण माणसाची एकदा किळस बसली की त्याचं चांगलंही त्याच चरातून वाहत आल्यासारखं वाटतं.

त्याच हिवाळ्यात, माघ लागल्यावर, नणंदेला बघायला कल्याणहून मंडळी यायची होती. नणंद बी.कॉम. झालेली, बोलायला फटकळ, दिसायला चांगली. सासूबाईंनी आदल्या दिवशी माझ्याकडून घर धुऊन घेतलं. बैठकीत चरावर मोठी सतरंजी अंथरली, म्हणजे फरशा दिसू नयेत. त्यावर खुर्च्या मांडल्या. सासऱ्यांना बजावून सांगितलं की पाहुणे येण्याच्या आधी सगळं आवरून घ्या. त्यांनी मान हलवली. पण पाहुण्यांना कुणाची तरी जीप मिळाली आणि ते ठरल्यापेक्षा लवकर आले. तेव्हा सासरे मोरीत होते.

मुलगा, मुलाची आई आणि मामा. नवऱ्याने त्यांना बसवलं. मुलाच्या आईने चपला दाराशी काढल्या आणि गारठलेले पाय सतरंजीवर टेकले. मी आत पोहे परतत होते. नणंद पिवळी साडी नेसून माझ्या शेजारी उभी होती. तेवढ्यात मोरीतून सुरू झालं.

"आ... आऽऽ... आख्... थू!"

भिंती पुरुषभर उंचीच्या. तो आवाज पत्र्यावर आपटून घरभर फिरला. बाहेर मामा विचारताना ऐकू आले, "घरात कुणाला बरं नाही का?"

"नाही, नाही," नवरा म्हणाला. "बाबा आंघोळ करतायत."

परत आ... आख्. मग पाण्याचे तांबे. मग परत. नणंदेने माझा दंड घट्ट धरला. सासूबाई पोह्यांच्या बशा घेऊन बैठकीत गेल्या, आम्ही दोघी मागोमाग पाण्याचा ट्रे घेऊन.

पाणी चरातून पुढे येत होतं, हे मला पायाखालच्या आवाजावरून कळत होतं. रोज ते दाराबाहेर जाताना गुळण्या केल्यासारखा एक आवाज व्हायचा. तो आवाज त्या दिवशी झाला नाही. मी मनाशी म्हटलं, काहीतरी चुकतंय. आणि मुलाच्या आईने पाय उचलला.

"अगंबाई, हे ओलं कसलं?"

सतरंजी काळी पडत चालली होती. आधी मधली पट्टी, मग कडा. फरशांच्या फटींतून पाणी वर येत होतं आणि सतरंजीतून पाझरत होतं, कोमट, साबणाचं. तिच्या खुर्चीच्या पायांभोवती फेस जमला. त्या फेसात सासऱ्यांच्या घशातलं जे काही होतं ते सगळं होतं, आणि ते तिच्या पायाच्या बोटांना येऊन लागलं. मामांनी दोन्ही पाय वर घेतले, खुर्चीवर मांडीच घातली. मुलगा उठून उभा राहिला, त्याला कुठे उभं राहावं कळेना.

"हे पाणी कुठून येतंय?" मुलाची आई मोठ्याने म्हणाली.

नवरा सतरंजीची कड उचलायला लागला. सासूबाई बशा हातात घेऊन तिथेच उभ्या. नणंदेने ट्रे खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, "बाबांच्या आंघोळीचं आहे."

त्याच वेळी सासरे पंचा गुंडाळून, अंगातून वाफा निघत असलेले, मोरीतून बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले, "कोण आलंय?"

मंडळी पोहे न खाता गेली. मुलाच्या आईने दारातल्या बंबाचं पाणी मागून घेतलं आणि दाराबाहेरच्या ओट्यावर उभं राहून पाय धुतले, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत, चोळून चोळून. मी तिला पाणी घालत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही राहता कशा इथे?" मी पुढचा तांब्या तिच्या पायांवर ओतला.

नवऱ्याने दाराजवळची फरशी उचलली. चराच्या तोंडात एक मेलेली घूस अडकली होती, फुगून मांजराएवढी झालेली. त्याने ती फावड्याने काढली. वासाने नणंदेला उलटी झाली. सासरे तोवर कपडे करून, मफलर बांधून आले होते.

"घूस मेली त्याला मी काय करणार?" ते म्हणाले. "आखणीत चूक नाही."

सासूबाईंनी बशा खाली ठेवल्या. त्या सासऱ्यांशी मोठ्या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही उद्या पडघ्याला तुमच्या बहिणीकडे जा. चार दिवस राहून या."

"का?"

"जा म्हटलं ना."

का कोण जाणे, ते गेले. मला वाटतं त्यांनाही त्या दिवशी घरात कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यांची एसटी सुटली असेल नसेल, सासूबाईंनी मला बरोबर घेतलं आणि वळसा घालून मागच्या घरी गेल्या. इतक्या वर्षांनी त्यांच्या दारात उभं राहताना त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्या घरची मोठी बाई, आम्ही पुढे तिला चाची म्हणायला लागलो, दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"या, या. बसा. किती सालानं आलाव!"

सासूबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं, भिंत, भोक, पाणी, पाहुणे, घूस, सगळं. चाची ऐकत राहिली. शेवटी तिने कपाळावर हात मारला.

"अगो, मंग इचारायचा ना! आमी कदी नाय बोललो असतो?"

"तुमच्या हद्दीत पाणी येणार म्हणून..."

"गटारच हाय ना ते? गटारात पानी नाय जानार तर काय सरबत जानार?"

सासूबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. चाचीने त्यांना धरून बसवलं आणि आत चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात तिने कारखान्यातल्या एका माणसाला हाक मारली, "वो हथौड़ा, छेनी लेके इधर आ!"

त्याच दुपारी भिंतीला भोक पडलं. बसलेल्या विटा काढायला त्या माणसाला चहा थंड होईल एवढाही वेळ लागला नाही. मी मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते सरळ बाहेर गेलं. एवढंच होतं. इतक्या वर्षांची ती सगळी घाण एवढ्याशा गोष्टीसाठी आमच्या पानाखालून वाहत होती.

मग सासूबाई, नणंद आणि मी, अशा तिघींनी चर बुजवला. कारखान्याच्या अंगणात जुन्या पायाचं डबर पडलं होतं, ते चाचीने नेऊ दिलं. फरशा उचलल्यावर खाली जे दिसलं त्याचं वर्णन मी करणार नाही. बोटभर जाडीचा करडा थर होता, आणि तो खरवडताना त्यात इतक्या वर्षांचे आम्हा सगळ्यांचे केस होते. नणंद नाकाला फडकं बांधून घमेली टाकत होती. म्हणाली, "वहिनी, कल्याणवाल्यांनी मला नाकारलं ते बरंच झालं. त्यांनी हो म्हटलं असतं तर हे असंच राहिलं असतं." नवरा कामावरून येऊन बघतो, तर सासूबाई कासोटा खोचून डबर ठोकत होत्या. त्याने पिशवी ठेवली आणि मुकाट्याने कुदळ घेतली. त्याच्याबद्दलचा माझा राग थोडा उतरला, सगळा नाही.

सासरे पडघ्याहून परतले तेव्हा चरावर सिमेंट बसलं होतं. त्यांनी दारातून मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन सगळं पाहिलं. ते आंघोळीला गेले. एकेक तांब्या ओतून थांबत होते, पाणी कुठे जातंय ते ऐकत होते बहुधा. बाहेर आले आणि जेवायला बसले. पुढे आठवडाभर ते फक्त मुलाशी बोलत होते. त्यानंतर एकदा त्यांचे कचेरीतले जुने सहकारी आले, तेव्हा मी त्यांना सांगताना ऐकलं, "मागे ड्रेनेज काढायचं माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतंच. पण टप्प्याटप्प्याने करायचं असतं." मी चहाचे कप उचलून आत गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी तोंडाला पदर लावला.

चर गेला म्हणून घर सुधारलं, असं नाही. पत्र्यावरून थेंब पडतच राहिले. माझा मुलगा थंडीतच झाला आणि त्याच्या पाळण्यावर आम्ही प्लास्टिकचा कागद बांधायचो. तो कागद सकाळी पिवळट तेलाने माखलेला असायचा. मुलाला वर्षभर खोकला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. हवा कुठून बदलणार, खिडक्या बंदच होत नव्हत्या. केबिनच्या काचांना मात्र मी सासऱ्यांना न विचारता वर्तमानपत्रं चिकटवली, खळ लावून, दोन्ही बाजूंनी. त्यांनी पाहिलं आणि ते पुढे निघून गेले. नणंदेचं लग्न पुढे चांगलं झालं, पण मुलाकडच्यांना आम्ही घरी बोलावलंच नाही, एका ओळखीच्यांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम केला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही कल्याण नाक्याकडे तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. शेड एका मागवाल्यालाच गेली आणि तिथे परत माग लागले, जे तिथे असायला हवे होते. सामान हलवलं त्या दिवशी मी ब्लॉकची बाथरूम आतून लावून घेतली आणि उगाचच नळ सोडून बघत राहिले. वर स्लॅब होता. पांढरा, कोरडा.

बाहेर आले तर सासरे हातात मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला लावत होते. "ही भिंत इथे कशाला?" ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "बाथरूमचा पाइप आयता आहे. थोडा इकडून फिरवला तर..."

सासूबाई खोक्यातून भांडी काढत होत्या. त्या उठल्या आणि त्यांच्यासमोर हात पसरला.

"ती पट्टी द्या इकडे."

त्यांनी दिली. सासूबाईंनी ती कचऱ्याच्या बादलीत टाकली, वर सकाळच्या चहाचा चोथा उपडा केला, आणि परत भांडी काढायला बसल्या.